फुंकाईची पोरं

आमच्या गावात जग निर्माण झालं ते ऊसतोडीच्या दिवसांत, आमच्याच गुऱ्हाळावर, आणि ते निर्माण होत होतं तेव्हा मी काहिलीपासून हातभर अंतरावर चिपाडांच्या ढिगावर बसले होते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की माझ्या सुना एकमेकींकडे बघतात. पण परवा माझा नातू मोबाइलवर कसलासा खेळ खेळत होता आणि त्यात पंख असलेले, तोंडातून जाळ काढणारे, डोंगराएवढे सरपटते देव होते. मी विचारलं, हे कोण रे? तर म्हणाला, "आजी, यांनी ते जग तयार केलंय. प्रत्येकानं एकेक भाग केला आणि मग त्यांची भांडणं झाली." वर मला समजावू लागला की हे खरं नसतं, कुणीतरी बसून रचलेलं असतं. मी म्हटलं, बाबा, रचणाऱ्या एकाला मी ओळखत होते. माझ्या शेजारच्या पाटावर जेवायला बसायचा तो.

तो म्हणजे तात्या, माझे धाकटे चुलते. पूर्वेकडं जपान्यांशी चाललेली लढाई संपल्यावर बऱ्याच दिवसांनी ते एका दुपारी कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून उंब्रजला उतरले आणि डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन चालत घरी आले. मी त्यांना ओळखलं नाही. गेले तेव्हा तालमीतलं अंग होतं; आले तेव्हा डोळे पिवळे, गालफडं बसलेली, आणि दिवसाआड हुडहुडी भरून ताप. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांनी त्यांच्या कानात सारखं गुणगुणायचं, त्यामुळे आपण हाक मारली तर ते थोडा वेळ थांबून मग मान वळवायचे. घोंगडं अंथरून भिंतीला पाठ लावून बसायचे. आमचं घर तसं आवाजाचं घर होतं. पहाटे आईचं जातं, मग आत्याचा आवाज, मग बैलांच्या घुंगरमाळा, मग पुन्हा आत्याचा आवाज. आत्या म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली आणि आल्या दिवसापासून किल्ल्या कमरेला लावलेली. आबा घरचे कर्ते होते असं सातबाऱ्यावर लिहिलं होतं. त्या सगळ्या आवाजात तात्या एकटे गप्प होते.

आणि गावाला तर तेच चालत नव्हतं. आमच्या भागात घराआड एक माणूस पलटणीत. तेव्हा लढाईहून आलेल्या माणसानं कट्ट्यावर बसून लढाई सांगायची, हा रिवाजच होता. म्हसोबाच्या जत्रेत कुस्ती बघायला जमावं तशी माणसं आमच्या ओसरीवर जमायची. किती जपानी मारले, संगिनीनं की बंदुकीनं, मारताना ते काय ओरडतात. पाटील सर्वांत पुढं. पाटलांनी उभ्या आयुष्यात साताऱ्यापलीकडचा मुलूख पाहिला नव्हता, पण लढाई कशी करायला हवी होती याबद्दल त्यांची मतं अगदी पक्की होती. तात्या विचारणाऱ्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायचे आणि शेवटी उठून गोठ्यात जायचे. मग गावानं ठरवलं की ह्याला बाहेरची बाधा झाली आहे. देवळातले गुरव अंगारा घेऊन आले. आत्यानं अंगारा घेतला, गुरवांना चहा दिला आणि त्यांची पाठ वळताच म्हणाली, पोराला खायला घाला, बाकी काय नगं. तिनं तसं घातलंही. उसाच्या रसात भिजवलेल्या दशम्या, काकवी, लसणाचा ठेचा, हिरव्या हरभऱ्याची भाजी. तात्या चार घास खायचे आणि ताट सारायचे.

त्यांच्या ट्रंकेत एक रेशमी कापड होतं. तिकडच्या एका बाजारात चिनी दुकानदाराकडून घेतलेलं. ट्रंकेला कुबट वास मारतो म्हणून आत्यानं एक दिवस सगळं बाहेर काढलं आणि ते कापड अंगणातल्या दोरीवर टाकलं. निळ्या रेशमावर सोनेरी कलाबतूनं भरलेलं एक जनावर: नागाचं अंग, घोरपडीचे पाय, वाघाची नखं, नाकाशी लांब मिशा, आणि पाठीवर वटवाघळासारखे पंख. ड्रॅगन हा शब्द मला पुढं फार वर्षांनी, शिकलेल्या जावयाकडून कळला. दोरीवर ते वाऱ्यानं हललं तेव्हा आमचा कुत्रा भुंकत मागं सरला आणि रस्त्यानं जाणारी बाया-माणसं थांबली. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव बघून गेलं. पाटील दोनदा येऊन गेले.

दुसऱ्या दिवशी आमचं गुऱ्हाळ लागलं होतं. नदीकडच्या अंगाला पाचटानं शाकारलेलं छप्पर, बाहेर घाण्याला जुंपलेले बैल, आत चुलवणावर ठेवलेली गाडीच्या चाकापेक्षा रुंद काहील. रस उकळू लागला की वर काळपट मळी येते. ती झाऱ्यानं काढून बाजूला टाकायची. गूळ होईपर्यंत गावातलं कुणीही यावं, रस प्यावा, ऊन गूळ पानावर घ्यावा, गप्पा माराव्यात. एकुलत्या एक बाजेवर पाटील बसले होते. दिवस मावळतीला चालला होता. तात्या चुलवणाशी चिपाडं सारत होते, कारण तिथं त्यांना हुडहुडी कमी भरायची.

"बळवंता," पाटील म्हणाले, "त्यो कापडावरचा परानी कंचा रं? नाग म्हनावा तर पाय हायती आनि सरडा म्हनावा तर पंख."

तात्या काहिलीत बघत राहिले. मग म्हणाले, "द्येव हाय त्यो. त्येच्या आईनं दुनिया केली."

ते आल्यापासून एका दमात इतकं बोलले नव्हते. रस ढवळणारासुद्धा थांबला. पाटलांनी विचारलं, कुठली आई? तात्यांनी चुलवणाच्या तोंडातून निघणाऱ्या जाळाकडं पाहिलं आणि म्हणाले, फुंकाई. पहिल्यांदा काही नव्हतंच, नुसता रस होता. गार, काळा, अमाप रस. त्याच्या तळाशी फुंकाई वेटोळं घालून झोपली होती. तिला जाग आली, तिनं जांभई दिली, जाळ निघाला आणि रस उकळायला लागला. वर मळी आली. ती तिनं शेपटीनं गोळा करून कडेला सारली. ती मळी वाळली तीच ही जमीन.

पाटील बाजेवर सावरून बसले. म्हणजे आपण मळीवर राहतो का, असं त्यांनी जरा दुखावूनच विचारलं. तात्या म्हणाले, व्हय, पर तुमची बागायत हाय. पाटलांचं समाधान झालं. ते पुन्हा लढाईकडं वळले. तोंड उघडून 'आनि तितं जपानी' एवढंच म्हणाले असतील, तोच तात्या घाईनं म्हणाले की फुंकाईला मग एक लेक झाला. त्या संध्याकाळी मला एक कळलं. पाटलांनी लढाईचं नाव काढलं की फुंकाईला पोरगं व्हायचं. अशी तिला तीन पोरं झाली.

थोरला ढेंगरबा. तो आळशी. वाळत घातलेल्या मळीवर जाऊन झोपला, कुशीवर वळला, आणि जिथं जिथं वळला तिथं डोंगर उठले. मधला सळबा. त्याला एका जागी करमायचं नाही. तो शेपूट ओढत हिंडला आणि शेपटीच्या चरांत पाणी भरून नद्या झाल्या. धाकटा ठिणगोबा जन्माला येईपर्यंत दोघा थोरल्यांनी सगळं वाटून घेतलं होतं. त्याच्या वाट्याला काही उरलं नाही. तेव्हा तो रुसून काहिलीत उतरला, तळाला लागलेली करपट खरवड त्यानं नखानं काढली आणि तिची माणसं केली. म्हणून माणूस दिसायला गुळासारखा आणि चवीला कडू.

एवढी गोष्ट सांगून तात्यांनी पानावरचा गूळ खाल्ला. सगळा खाल्ला. आबा ते बघत होते. घरी आल्यावर आई त्यांना म्हणाली, भावजींनी हे असलं काय सांगितलं, पाप लागेल. आबा म्हणाले, त्यो जेवतोय ना, मग लागू दे.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर माणसांना बसायला जागा नव्हती. आता वाटतं, लोकांना ती गोष्ट इतकी पटली ती तिच्यातल्या वाटणीमुळे. आमच्या गावात भावाभावांच्या वाटण्या हा रोजचा विषय. घरोघरचे थोरले म्हणू लागले, ढेंगरबानं योग्यच केलं, थोरल्याचा मान असतोच. धाकटे म्हणू लागले, ठिणगोबावर अन्याय झाला. मधल्यांना कुणी विचारत नव्हतं, तेव्हा त्यांनी सळबा धरला. आठवड्याभरात एका वाड्यावर चाललेलं खरंखुरं बांधाचं भांडण दोन्ही बाजूंनी फुंकाईच्या पोरांचा दाखला देऊन चालू झालं. बायकांचे प्रश्न निराळे. आत्या एरवी गुऱ्हाळाकडं फिरकायची नाही, ती मुद्दाम आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिनं तात्यांना विचारलं, एवढा रस उकळला, खरवड लागली, मग काहील कुणी घासली?

तात्या अडकले. त्यांनी याचा विचार केला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ढिगावरूनच म्हणाले, "फुंकाईनंच घासली. त्येचं धुवान म्हंजी समुद्र."

"म्हंजी तितंबी बाईलाच घासाय लागलं," आत्या म्हणाली आणि तिचा विश्वास बसला. त्या दिवसापासून मी तात्यांची मदतनीस झाले. ते बैलांना पाणी दाखवायला निघाले की मी बरोबर जायची आणि आम्ही दोघं मिळून ठरवायचो. विजा कशा झाल्या, कोंबडा पहाटेच का ओरडतो, ठिणगोबाचं लग्न करायचं की नाही. तात्या हसायचे. हसताना त्यांचा एक पडलेला दात दिसायचा. ताप दिवसाआडचा आठवड्यावर गेला. माझ्या आयुष्यात मी पुढं शाळेत शिकवलं, पोरं वाढवली, पण कुणाला इतकं लवकर बरं होताना पाहिलं नाही.

गावात चौगुले अण्णांचं किराणाचं दुकान होतं. अण्णा जैन, मूळचे सांगलीकडचे, तिकडं त्यांची भावकी आणि मळे. ते संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवून शांतपणे येऊन बसायचे आणि सगळं ऐकायचे. एकदा पाटलांनी त्यांना विचारलं, अण्णा, तुमच्यात कसं? दुनिया कुणी केली? अण्णा म्हणाले, "आमच्यात कुणीच केल्याली न्हाई. ती हाय ती हायच." पाटलांना अण्णांची दया आली. इतका सधन माणूस आणि दुनिया करणारा कुणी नाही, हे त्यांना बघवेना. अण्णा पुढं म्हणाले की करणारा नसला की एक सोय असते, बिघडली तर दुसऱ्यावर ढकलता येत नाही. तरी आठवड्यानं त्यांनी नारळांचं पोतं मागवलं आणि उदबत्त्या दाराशी मांडल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाले, पोरी, दुनिया कुणी केली न्हाई, पर गिऱ्हाईक हाय.

कारण तोवर बांधाच्या कडेला एक दगड आला होता. कुणी आणला ते कधीच कळलं नाही. एका सकाळी तो होता आणि त्याला शेंदूर फासलेला होता. त्याच दिवशी एकाच्या आटलेल्या म्हशीनं दूध दिलं. ती आदल्या रात्री व्याली होती, पण ही गोष्ट सांगताना तेवढं वगळायची पद्धत पडली. गुरव पहिल्यांदा चिडले होते, देवळात माणूस फिरकेना म्हणून. मग त्यांनी विचार केला आणि सांगितलं की ठिणगोबा हा आपल्याच ग्रामदेवाचा परदेशातला अवतार आहे, आणि तेव्हापासून सकाळी देवळाची पूजा आटोपून ते तिकडचीही करू लागले. पाटलांचं म्हणणं की मुख्य देव ढेंगरबाच असला पाहिजे, आणि आपलं घराणं त्याच्या डाव्या पंजाच्या नखापासून आहे असं आपल्या आज्यानं सांगितल्याचं त्यांना आठवत होतं. हे सगळं तात्यांच्या समोर चालायचं. ते माझ्याकडं बघून भुवई उडवायचे, बस.

मग देवाला चेहरा हवा, असं ठरलं. रेशमी कापड मागितलं तर आत्या देईना. ते म्हणे शेवंताच्या लग्नात रुखवतावर टाकायचं. शेवंता म्हणजे मी. तेव्हा अण्णांनी सुचवलं की सांगलीत नाटकांचे पडदे रंगवणारा एक पेंटर आहे. पाटील, गुरव, अण्णा, तात्या आणि सगळं ध्यानात असतं म्हणून मी, असे आम्ही कराडपर्यंत मोटारीनं आणि पुढं आगगाडीनं सांगलीला गेलो. मी गाडीत पहिल्यांदाच बसत होते. पेंटर एका जुन्या नाटकगृहाच्या मागल्या बाजूला राहात होता. बारीक माणूस, कानामागं कुंचला, लुगड्याएवढ्या पडद्यांच्या घड्या भिंतीला लावलेल्या. त्याची नाटक कंपनी लढाईच्या दिवसांत मोडली होती आणि त्याला कशालाही नाही म्हणायचं नव्हतं. त्यानं फक्त व्यवहाराचे प्रश्न विचारले. पंख पिसांचे की कातड्याचे? जाळ तोंडातून की नाकातून? तात्या सांगत होते, मी दुरुस्त करत होते, पेंटर कोळशानं रेघा मारत होता. जनावर खरंच छान उतरत होतं. मग पाटील म्हणाले, डोक्याला फेटा पायजे.

पेंटर म्हणाला, "फेटा घातला तर शिंगं कुठं काढू?"

शिंगं काढली नाहीत. मग पाटलांनी मिशा वर वळवायला सांगितल्या, मग गुरवांनी कपाळाला गंध मागितलं, मग पाटलांना वाटलं नजर जरा करडी हवी, आणि ती कशी हे दाखवायला ते स्वतः पेंटरसमोर तसेच बघत उभे राहिले. कापड नवं मिळत नव्हतं, म्हणून त्यानं इंद्राच्या दरबाराचा एक जुना पडदा घेतला होता. मागं संगमरवरी खांब आणि दोन अप्सरा तशाच राहिल्या. शेपटीला जागा पुरली नाही. परतताना आम्ही गाडीत भडंग खात होतो आणि पडद्याची गुंडाळी पाटलांच्या मांडीवर होती. तात्या खिडकीबाहेर बघत हळूच मला म्हणाले, शेवंते, आपला द्येव पाटील झाला की गं.

देव बसवायचा दिवस ठरला. दगडामागं बांबूंवर छप्पर टाकून पडदा टांगला. उंब्रजहून वाजंत्री आणली. कोरेगावच्या बाजाराला येणाऱ्या माणसांतूनही कानोकानी गेलं होतं, त्यामुळे परगावची माणसं आली होती. दुपारची वेळ. पाटलांनी तात्यांना पडद्याशेजारी पाटावर बसवलं, फेटा बांधला आणि जाहीर केलं की देवाला काही विचारायचं असेल तर बळवंतामार्फत विचारा, देवाची भाषा त्यालाच येते. तात्यांना ते गमतीचं वाटत होतं. एकानं हरवलेल्या बैलाचं विचारलं, त्याला सांगितलं जिथं हिरवं आहे तिथं बघ. एकीनं विचारलं मुलगा होईल की मुलगी. तात्या म्हणाले, व्हय. माणसं खूष होती.

मग येसूकाकी पुढं आल्या. येसूकाकी आमच्या गल्लीतल्याच. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक लेक शंकर. शंकर आणि तात्या साताऱ्याला एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत गेले. शंकर बेपत्ता असल्याचा सरकारी कागद मागंच आला होता. तात्या परत आल्यापासून त्या आमच्या घरी एकदाही आल्या नव्हत्या, आणि तात्याही त्यांच्या दारावरून जायचे नाहीत, लांबच्या वाटेनं रानात जायचे. गुऱ्हाळावर मात्र त्या रोज मागं, छपराच्या मेढीला टेकून उभ्या असायच्या. आम्हाला वाटायचं त्यांना गोष्ट आवडते.

त्या पडद्यासमोर आल्या. पदर डोक्यावर नीट घेतला. देवाकडं बघितलंच नाही, तात्यांकडं बघितलं.

"ठिणगोबानं मानसं केली म्हंतोस."

"व्हय," तात्या म्हणाले.

"समदी?"

"समदी."

"मग एकेकाचं नाव त्येच्या ध्यानात आसंल. त्येला इचार, माझा शंकर कुटं हाय."

वाजंत्री कधी थांबली होती ते माझ्या लक्षात नाही. तात्यांचा चेहरा पुन्हा तसाच झाला, आले त्या दिवसासारखा. ते येसूकाकींच्या पायाच्या अंगठ्याकडं बघू लागले. गुरव मनानं वाईट नव्हते. त्यांना वाटलं आपण सांभाळून घ्यावं. हात वर करून त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली की शंकर सुखरूप आहे, उत्तर दिशेला आहे, दिवाळीच्या आत येतो. पाटलांनी मान डोलावली. आजूबाजूच्या बायकांनी येसूकाकींच्या पाठीवर हात ठेवले. सगळं गाव त्या बाईशी इतकं प्रेमानं खोटं बोलायला तयार होतं की आणखी दोन क्षणांनी ते खरंच झालं असतं.

"गुरव, गप ऱ्हावा," तात्या म्हणाले आणि उभे राहिले. फेटा काढून त्यांनी पाटावर ठेवला. "काकी, घरला चला. सांगतो."

"हितंच सांग."

तात्यांनी तिथंच सांगितलं. आवाज चढवला नाही, तरी सगळ्यांना ऐकू आलं. शंकर राहिला नाही. पलटण माघार घेत असताना, नदी ओलांडल्यावर, त्याला ताप चढला. औषध नव्हतं. तात्यांनी त्याला पाठीवर घेतलं होतं, पण पुढं त्यांनाच चालवेना, तेव्हा एका झाडाखाली ठेवला. तिथंच गेला. तात्या शेजारी होते. जमीन भिजलेली होती, हातानं उकरून त्याला पुरला आणि मग पुढं निघाले. कारण निघावं लागलं.

येसूकाकींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जाताना काय म्हनला का?"

तात्या म्हणाले, "शिव्या घालत हुता. हवालदाराला, खेचरांला, मलाबी. लय घातल्या."

येसूकाकींचा ओठ हलला. हसल्या असं मी म्हणणार नाही. "त्येच त्यो," त्या म्हणाल्या. "जल्माला आला तवाबी आसाच आरडत आला." आणि मग त्या जागीच खाली बसल्या. आत्या गर्दीतून पुढं आली, तिनं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि एक शब्द न बोलता आमच्या घरी नेलं.

तात्या माणसांकडं वळले. फुंकाई नाही, ढेंगरबा नाही, कुणी नाही, असं त्यांनी सांगितलं. लढाईचं विचारू नये म्हणून मीच हे रचलं, थोडं माझं, थोडं ह्या पोरीचं. मी वाट बघत होते, आता माणसं ओरडतील, दगड मारतील, निदान घरी जातील. कुणी हललं नाही. मग पाटील समजुतीच्या सुरात म्हणाले, "बळवंता, तुला ताप चढलाय. जा, पड जरा." गुरवांनी वाजंत्र्यांना खूण केली. वाजंत्री पुन्हा सुरू झाली आणि प्रसाद वाटला गेला.

तात्यांनी नाद सोडला नाही. चार-पाच ठिकाणी जाऊन सांगितलं. शेवटी पाटील आमच्या ओसरीवर आले आणि आबांना म्हणाले, तुमच्या भावाला आवरा, देवाची चेष्टा बरी नव्हं. आबा म्हणाले, आवं, पर त्येनंच रचलाय न्हवं का त्यो? त्यावर पाटलांनी जे उत्तर दिलं ते मी पुढं मोठमोठ्या प्रवचनांतही ऐकलं नाही. ते म्हणाले, "रचला आसंल. पर त्येला सुचवला कुणी?" ज्यानं दुनिया करणाऱ्यांना केलं, त्या माणसाला त्यांच्याविषयी काही कळत नाही, हे गावात एकमतानं मान्य झालं. पुढं छपराचं पत्र्याचं देऊळ झालं, पत्र्याचं स्लॅबचं झालं. आता तिथं पाटी आहे आणि पाटीवरच्या माहितीप्रमाणे देवानं पाटलांच्या आजोबांना दृष्टान्त दिला. माहितीत एक सैनिकही आहे. तो देवाची निंदा करी, त्याला वेड लागलं, आणि देवानं त्याला बरं केलं. शेवटचं वाक्य वाचून मी थांबले. तेवढं खरं होतं.

तात्यांचा ताप मात्र पुन्हा वाढला नाही. ते येसूकाकींच्या दारावरून जाऊ लागले, मग दारात थांबू लागले, मग त्यांचं रान पेरून देऊ लागले. आणि मग एक गोष्ट सुरू झाली ती कुणी ठरवलेली नव्हती. आजूबाजूच्या गावांतून बाया आमच्याकडं येऊ लागल्या. कुणाचा लेक, कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा त्या पलटणीत. त्या ओसरीवर बसायच्या, आत्या त्यांना गुळाचा चहा द्यायची, आणि तात्या जे पाहिलं होतं ते सांगायचे. कधी थोडं असायचं, कधी फार. कुणाला धीर देण्यासाठी वाढवून सांगत नव्हते. देवळाबाहेर रांग असायची आणि आमच्या ओसरीवर एखादीच बाई, पण ओसरी रिकामी असा आठवडा त्या काळात मला आठवत नाही.

त्यातली एक पाटणकडची. कोयनेच्या खोऱ्यातून चालत पाटणपर्यंत आणि पुढं मोटारीनं आली होती. आधी देवळात गेली. तिथं तिला कौल मिळाला की लेक दसऱ्याला येतो. मग ती अण्णांच्या दुकानात पाणी प्यायला थांबली आणि अण्णांनी तिला आमचं घर दाखवलं. तात्यांनी लेकाचं नाव विचारलं, पलटण विचारली, दिसायला कसा होता ते विचारलं. मग म्हणाले, "बाई, मला म्हाईत न्हाई. त्यो माझ्या पलटणीत नव्हता. मी त्येला बगितल्यालाच न्हाई."

मला वाटलं ती रडेल. तिनं चहाची वाटी खाली ठेवली.

"कचेरीत समदं म्हाईत हाय, देवरुशाला म्हाईत हाय, तुमच्या द्येवाला म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्हाईत न्हाई म्हननारं तुमीच पयलं भेटला."

मोटारीला वेळ होता. तिनं विचारलं, इथं थोडी टेकू का. तात्यांनी आपलं घोंगडं तिच्याकडं सरकवलं. आत्यानं फडक्यात भाकरी आणि कांदा बांधायला घेतला. थोड्या वेळानं ती म्हणाली, तो मुलूख तरी कसा हाय, येवढं सांगा. पाऊस आमच्या पाटणसारखा पडतो का? तात्या म्हणाले, त्येच्याहून जास्त. आणि मग ते तिला तिथला पाऊस सांगत बसले: बांबूंवर कसा वाजतो, भाताची खाचरं कशी भरतात, माणसं डोक्याला काय घेतात, चुली कुठं पेटवतात. ती मधे मधे विचारत होती, ते सांगत होते, आणि आत्या गाठोडं बांधून झालं तरी ते हातात धरून दारात उभी होती.